पहिली ते चौथीच्या ६२० मुलांना सेन्सरवाले बँड: जीपीएस, ब्लूटूथ की आरएफआयडी?

घोडबंदरची_आई · सोमवार, रात्री १०.१२

नमस्कार. ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका शाळेच्या पालक-शिक्षक संघात सुरक्षेचं काम माझ्याकडे आहे. पहिली ते चौथी मिळून ६२० मुलं. तळमजला अधिक दोन मजले. फाटकं दोन, एक सर्व्हिस रोडला आणि एक मागच्या गल्लीत. शाळेच्या नऊ बस, शिवाय खाजगी व्हॅन वेगळ्या.

एका विक्रेत्याने मनगटी बँड सुचवलाय. जीपीएस, सिम, एसओएस बटण, हृदयाचे ठोके, अंगाचं तापमान, सगळं एकात. पालकांच्या मोबाइलवर मुलाचा ठिपका दिवसभर दिसणार म्हणे. सभेत बऱ्याच जणांना ते फार आवडलं.

मला विचारायचंय ते असं. इमारतीच्या आत हे चालतं का? ब्लूटूथ टॅग किंवा आरएफआयडी कार्ड (रेडिओलहरींनी वाचता येणारी चिप असलेलं) यापेक्षा बरं का? पावसाळ्यात काय होतं? आणि लहान मुलांच्या अंगावर असली वस्तू दिवसभर ठेवण्यात धोका काय? गुरुवारी विक्रेता पुन्हा येणार आहे, त्याआधी नीट प्रश्न हाताशी हवेत.

---

महापेचा_वायरमन · सोमवार, रात्री ११.०५

ताई, आधी त्या बँडचा निकाल लावू.

उपग्रहाचा सिग्नल जमिनीवर पोचतो तेव्हाच उणे १३० डीबीएमच्या (सिग्नलचा जोर मोजायचं एकक) आसपास असतो, म्हणजे आधीच मरतुकडा. डोक्यावर दोन आरसीसी स्लॅब असताना तो मिळत नाही. मग घड्याळ आजूबाजूच्या वायफायच्या नावांवरून किंवा मोबाइल टॉवरवरून अंदाज बांधतं. टॉवरच्या अंदाजात काहीशे मीटर सहज इकडेतिकडे होतात. खाडीकाठी तर आणखी मजा, कारण पाण्यावरून सिग्नलला आडकाठी नसते आणि पलीकडचा टॉवरही पकडला जातो. मूल ऐरोलीच्या वर्गात पाढे म्हणतंय आणि ठिपका मुलुंडला, हे त्यामुळे होऊ शकतं.

बाहेर मैदानावर चूक ३ ते ५ मीटर असते. पण तुमच्याकडे आजूबाजूला तीस-तीस मजली टॉवर आहेत. त्यांच्यावर आपटून आलेला सिग्नल जागा ३०-५० मीटर सरकवतो. शाळेभोवतीचं आभासी कुंपण ५० मीटरचं ठेवलंत तर दिवसभर 'मूल बाहेर गेलं' अशा खोट्या सूचना येतील. २०० मीटरचं ठेवलंत तर मूल सर्व्हिस रोड ओलांडून पलीकडे पोचलं तरी फोन गप्प. यातून मधला मार्ग निघत नाही.

सिमचंही विचारा. स्वस्त घड्याळांत अजून टूजी मॉडेम असतो. जिओचं टूजी नाहीच, त्यामुळे ती घड्याळं फक्त एअरटेल किंवा व्हीआयवर चालतात. फोरजी घड्याळ असेल तर बँड ३, ५ आणि ४० आहेत का आणि व्हीओएलटीई, म्हणजे फोरजीवरून कॉल, चालतं का, हे कागदावर लिहून घ्या. नाहीतर डेटा चालेल, पण एसओएस दाबल्यावर कॉल लागणार नाही.

चार्जिंग: मुलांच्या घड्याळात ४०० ते ७०० एमएएचची बॅटरी मावते. दर दोन मिनिटांनी जागा पाठवायची म्हटली तर दिवस, फार तर दीड दिवस. म्हणजे ६२० घरांत रोज रात्री आठवणीने चार्जिंग. दहातलं एक घर जरी विसरलं तरी सकाळी ६२ मुलं नकाशावर नाहीत, आणि ती कुठे आहेत हे विचारायला ६२ फोन.

ठोके आणि तापमान हे सजावटीचं सामान आहे. ठोके मोजणारा हिरवा दिवा पट्टा घट्ट असेल आणि हात स्थिर असेल तरच नीट मोजतो. पहिलीतल्या मुलाचं मनगट बारीक, पट्टा सैल, हात सतत हलतोय. मनगटाच्या कातडीचं तापमान शरीराच्या आतल्या तापमानापेक्षा काही अंशांनी कमी असतं आणि पंख्याखाली बसलं की आणखी उतरतं. त्यावरून ताप ओळखता येत नाही.

आता काय लावायचं ते. मुलाकडे फक्त ब्लूटूथ लो एनर्जीचा टॅग, आणि ऐकणारी यंत्रं, म्हणजे गेटवे, भिंतीवर. टॅगला सिम नको, जीपीएस नको, रोजचं चार्जिंग नको.

टॅग दर सेकंदाला एकदा 'मी अमुक नंबर' एवढंच ओरडतो. नॉर्डिकच्या एनआरएफ५२ जातीच्या चिपवर, शून्य डीबीएम शक्तीवर, सरासरी खर्च १५ मायक्रोअँपच्या आत बसतो. सीआर२०३२ या नाण्यासारख्या चपट्या सेलमध्ये साधारण २२० एमएएच असतात. भागाकार केला तर ६०० दिवस येतात, पण शेवटी शेवटी व्होल्टेज ढासळतं, म्हणून एक शैक्षणिक वर्ष धरा आणि दर मे महिन्यात सगळे सेल एकदम बदला. विक्रेता 'आमचा टॅग सेकंदाला दहा वेळा सांगतो, म्हणून जास्त अचूक' म्हणाला तर थांबवा. त्याच सेलचे जेमतेम दोन महिने होतील.

आणि सेल हा लहान मुद्दा. मोठी अडचण फाटकावर येते. एका पॅकेटला, म्हणजे टॅगच्या एका ओरडण्याला, हवेत साधारण ०.३७ मिलिसेकंद लागतात. शाळा सुटताना ६२० टॅग एकाच जागी आले आणि प्रत्येक जण सेकंदाला एकदा बोलला, तर प्रत्येक चॅनेलचा २३ टक्के वेळ भरला. कोणी कोणासाठी थांबत नाही, सगळे मनाला येईल तेव्हा बोलतात, त्यामुळे एखादं पॅकेट दुसऱ्यावर न आपटता पोचण्याची शक्यता ६३ टक्क्यांच्या आसपास येते. हे चालतं, कारण दहा सेकंदांत दहा संधी मिळतात. पण सेकंदाला दहा वेळा बोलणारे टॅग असतील तर तोच चॅनेल २३० टक्के भरतो. डेमोला पाच टॅग आणतात तेव्हा हे कधीच दिसत नाही.

---

नेरुळकर · सोमवार, रात्री ११.२०

आणि खाजगी व्हॅनचं काय? निम्मी मुलं त्यातच जातात.

---

रिकामा_लूप · मंगळवार, सकाळी ८.४०

वायरमन यांच्या गणिताशी सहमत. मी सॉफ्टवेअरकडून लिहितो, कारण ही व्यवस्था तिथेच जास्त वेळा फसते.

पहिली गोष्ट म्हणजे ब्लूटूथ सिग्नलच्या जोरावरून अंतर नीट मोजता येत नाही, कोणी काहीही म्हणो. एक मीटरवर उणे ५९ डीबीएम दाखवणारा टॅग मुलाने पाठ फिरवली की उणे ७५ दाखवतो, कारण २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी शरीरातलं पाणी शोषून घेतं. १६ डीबीचा हा फरक अंतरात धरला तर एका मीटरचे पाच-सहा मीटर होतात. म्हणून 'मूल नकाशावर या बिंदूवर' हे विसरा. 'दुसऱ्या मजल्याच्या डाव्या कॉरिडॉरमध्ये' इतकं मिळतं, आणि तेवढं पुरतं. शेवटच्या ८-१० वाचनांचा मध्यक घ्या. विभाग बदलायचा तर नव्या गेटवेचा सिग्नल जुन्यापेक्षा किमान ६-८ डीबीने जास्त आणि सलग दहा सेकंद असला पाहिजे. नाहीतर दोन वर्गांच्या मधल्या बाकावर बसलेलं मूल पडद्यावर दिवसभर भिंत ओलांडत राहतं.

दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची: 'टॅग ऐकू येत नाही' आणि 'मूल बाहेर गेलं' या वेगळ्या अवस्था आहेत. बऱ्याच तयार प्रणाली त्या एक करून टाकतात. टॅग ऐकू न येण्याची कारणं पाहा: सेल संपला, कार्ड घरी राहिलं, मूल टाकीमागे लपलंय, गेटवेच बंद पडला. 'बाहेर गेलं' असं तेव्हाच म्हणायचं जेव्हा फाटकाच्या आतल्या गेटवेने टॅग ऐकला, मग बाहेरच्या गेटवेने जास्त जोरात ऐकला, आणि मग दोन्हीकडे शांतता झाली.

त्यासाठी प्रत्येक फाटकावर दोन गेटवे लागतात. दोन्ही एकाच खांबावर लावलेत तर दोघांना सारखंच ऐकू येईल. वॉचमनच्या केबिनची भिंत मध्ये घ्या, एक आतल्या अंगाला आणि एक रस्त्याच्या अंगाला. तीच भिंत दिशा ओळखायला कामी येते. पत्र्याच्या शेडखाली लावू नका, परावर्तनाने दिशा गोंधळते. चोरी होऊ नये म्हणून लोखंडी पेटीत ठेवणारे महाभागही असतात. त्या पेटीत फक्त कुलूप सुरक्षित राहतं.

आतल्या मोजणीसाठी दर मजल्यावर तीन गेटवे, दोन्ही जिने आणि मधला कॉरिडॉर. फाटकांवर चार, मैदानाला एक. म्हणजे १४. ईएसपी३२ या छोट्या चिपवर स्वस्तात करता येतं, पण त्यात वायफाय आणि ब्लूटूथ एकाच रेडिओवर आहेत. वायफायने डेटा पाठवत असताना तो ऐकत नसतो. फाटकावर नेमकं सुटण्याच्या वेळी हे महागात पडतं. म्हणून इथरनेट असलेला बोर्ड घ्या, वायरने जोडा आणि वीजही त्याच वायरने द्या. स्विच यूपीएसवर ठेवा, पहिल्या पावसात वीज जातेच. प्रत्येक गेटवेने दर ३० सेकंदांनी 'जिवंत आहे' असं कळवायचं. दोन वेळा चुकलं तर मुलांबद्दल नव्हे, गेटवेबद्दल सूचना जायला हवी.

आता सूचना कोणाला? थेट ६२० पालकांना पाठवलीत तर पहिल्या आठवड्यात सगळे तिला म्यूट करतील. क्रम असा ठेवा: वॉचमनच्या केबिनमध्ये दिवा आणि भोंगा लगेच, ६० सेकंदांत कोणी 'पाहिलं' दाबलं नाही तर पर्यवेक्षिका, आणखी दोन मिनिटांत मुख्याध्यापिका, आणि खात्री झाल्यावर पालक. शाळेच्या वेळात त्या भोंग्यासमोर कोण उभं राहणार, त्या माणसाचं नाव आधी ठरवा. नाव ठरत नसेल तर टॅग विकत घेऊ नका, पैसे दुसऱ्या वॉचमनवर घाला.

---

घोडबंदरची_आई · मंगळवार, दुपारी १.१५

दोघांचे आभार. आरएफआयडीबद्दल कोणी बोललं नाही. आमच्या आयकार्डात चिप आधीच आहे, वाचनालयासाठी. तेच फाटकावर वापरता येईल का?

---

महापेचा_वायरमन · मंगळवार, दुपारी २.३०

वाचनालयाचं म्हणजे बहुतेक १३.५६ मेगाहर्ट्झचं कार्ड. ते रीडरला तीन-चार सेंटिमीटरवर टेकवावं लागतं. एका मुलाला अडीच सेकंद धरले आणि दोन रीडर लावले, तर ६२० मुलांना १३ मिनिटं, तीही रांग शिस्तीत असेल तर. बालवाडीचं विसरूनच जा. शिवाय कार्ड टेकवलं म्हणजे मूल आत आलं असं नाही, मित्राचं कार्ड टेकवणं हा तिसरी-चौथीचा आवडता खेळ आहे. आणि कार्ड मायफेअर क्लासिक असेल तर त्याची सुरक्षा २००८ मध्येच फोडली गेलीय, त्याची नक्कल करता येते. वाचनालयाला चालेल, फाटकाला नाही.

दुसरा प्रकार यूएचएफचा, आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ. टॅगला सेल लागत नाही, किंमत अगदी कमी, चार-पाच मीटरवरून वाचतो. गोदामात मस्त चालतो, मुलांवर मात्र लंगडतो. कार्ड शर्टाला चिकटलं की शरीर सिग्नल खातं, दोन मुलं गळ्यात गळा घालून चालली की एकाचं कार्ड दुसऱ्याच्या आड जातं. फाटकाच्या दोन्ही बाजूंना सव्वा मीटर उंचीवर आणि एक डोक्यावर, असे तीन वर्तुळाकार ध्रुवीकरणाचे (कार्ड कसंही वळलेलं असलं तरी वाचणारे) अँटेना लावले तर वाचन बरंच सुधारतं. तरी रोज काही सुटणारच. हजेरीला ठीक. 'मूल सुखरूप आत आहे' म्हणायला मी वापरणार नाही.

तुम्ही धोक्याबद्दल विचारलं होतं, ते आता लिहितो, कारण यावर विक्रेते गप्प असतात.

बटण सेल. सीआर२०३२ चा व्यास २० मिलिमीटर, लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकायला नेमका पुरेसा. अडकला की ओलाव्यातून वीज वाहते, सेलच्या उणे बाजूला क्षार तयार होतो आणि दोन तासांतही अन्ननलिका गंभीर भाजू शकते. म्हणून नाण्याने उघडणारं झाकण असलेला टॅग घ्यायचाच नाही. झाकण स्क्रूने बंद हवं किंवा पेटी कायमची वेल्ड केलेली. दगडी फरशीवर दीड मीटरवरून दहा वेळा टाकून बघा, सेल बाहेर आला तर तो नमुना परत. आणि मावशींना सांगून ठेवा: सेल गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी करवायची नाही, वाट बघायची नाही, थेट एक्स-रे असलेल्या रुग्णालयात.

गळ्यातली पट्टी. घसरगुंडीवर, बसच्या दारात, जिन्याच्या कठड्यात अडकते. मानेमागे ओढ बसताच सुटणारी क्लिप हवीच. हाताने ओढून पाहा, अर्धा-एक किलोच्या ओढीला सुटली पाहिजे. याहून बरं म्हणजे पट्टी नकोच. युनिफॉर्मच्या कमरपट्ट्याला आतून शिवलेला छोटा कप्पा. तिथे शरीराने सिग्नल थोडा कमी होतो, पण टॅग हरवत नाही आणि मूल त्याच्याशी खेळत बसत नाही. दप्तरात मात्र कधीही नाही. दप्तर वर्गात असतं आणि मूल कुठेही.

मनगटावरच हवा असेल तर पावसाळ्यात सिलिकॉनच्या पट्ट्याखाली घाम आणि पाणी साचून पुरळ येतं. पट्टा रोज काढून पुसावा लागतो. टॅगची पेटी आयपी६७ (धूळ-पाण्यापासून बचावाची श्रेणी) हवी, आयपी६५ फवारा झेलते पण खड्ड्यातल्या पाण्यात पडली तर संपली.

आणि एक सेन्सर जो खरंच उपयोगी आहे: तीन अक्षांचा ॲक्सेलरोमीटर, म्हणजे हालचाल ओळखणारा. काही मायक्रोअँपमध्ये चालतो. टॅग दहा मिनिटं अजिबात हलला नाही तर तो मुलाच्या अंगावर नाही, कारण सात वर्षांचं मूल दहा मिनिटं दगडासारखं बसत नाही. कार्ड बाकावर काढून ठेवलंय, हे त्यावरून कळतं. रात्री टॅग हलत नसताना दहा सेकंदांनी एकदाच बोलायचं, त्याने सेलही वाचतो.

---

स्टॉप_नं_७ · मंगळवार, रात्री ९.५०

बसबद्दल मी सांगतो. नऊ बस आहेत म्हणजे खरा धोका तिथेच आहे: झोपलेलं मूल शेवटच्या सीटवर राहून जाणं आणि चुकीच्या स्टॉपवर उतरणं.

गाडी कुठे आहे ते एआयएस-१४० चं (गाडीचा माग ठेवणाऱ्या यंत्रांचं भारतीय मानक) यंत्र सांगतं, त्याच्यासाठी मुलाच्या अंगावर काही लावायची गरज नाही. बसमध्ये फक्त एक ब्लूटूथ गेटवे, मधोमध, छताच्या आतल्या बाजूला. दारात दुसरा लावून चढला-उतरला ओळखायचा प्रयत्न करू नका, अडीच मीटर रुंदीच्या पत्र्याच्या डब्यात दोघांना सगळंच ऐकू येतं. सोपा नियम ठेवा: बस स्टॉपवरून निघून दोनशे मीटर गेली आणि टॅग अजून ऐकू येतोय तर मूल आत आहे, नसेल तर त्या स्टॉपवर उतरलं. चुकीचा स्टॉप असेल तर मदतनीस ताईंच्या फोनवर लगेच सूचना.

फेरी संपल्यावर: इग्निशन बंद होऊन तीन मिनिटं झाली आणि एखादा टॅग अजून ऐकू येतोय तर हॉर्न वाजवायचा. पण टॅग नसलेलं मूल यात सापडत नाही, हे लक्षात ठेवा. म्हणून शेवटच्या सीटच्या मागे एक छोटा कार्ड रीडर बसवा. ड्रायव्हर किंवा मदतनीसाने फेरी संपल्यावर मागेपर्यंत चालत जाऊन कार्ड टेकवल्याशिवाय बसची फेरी 'पूर्ण' होणार नाही. इतका साधा उपाय आहे, आणि सगळ्या सेन्सरांपेक्षा मी यावर जास्त विसंबतो. उन्हात बंद बसचं तापमान किती झपाट्याने चढतं हे ठाणेकरांना सांगायला नको.

वायरिंग: मोठी बस २४ व्होल्टची, व्हॅन १२ ची. १२ व्होल्टचं कन्व्हर्टर बसला लावून जाळलेले पुष्कळ असतात. ९ ते ३६ व्होल्ट झेलणारा कन्व्हर्टर घ्या, २ अँपचा फ्यूज बॅटरीजवळ टाका, आणि इग्निशनची वायर फक्त 'चालू आहे की बंद' हे कळण्यापुरती वापरा. गेटवेची वीज बॅटरीवरून कायम हवी. ती इग्निशनवरून दिलीत तर गाडी बंद होताच गेटवेही बंद, आणि झोपलेलं मूल शोधायची वेळ नेमकी तीच.

डोंगराच्या कडेला, घोडबंदरला गायमुखाकडे किंवा पारसिकच्या पायथ्याला, नेटवर्क जातं-येतं. गेटवेने नोंदी स्वतःकडे साठवून वेळेच्या शिक्क्यासह नंतर पाठवल्या पाहिजेत. नाहीतर नेटवर्क गेलं की पडद्यावर अख्खी बस 'उतरली'.

नेरुळकर, खाजगी व्हॅनचं उत्तर सरळ आहे. व्हॅन काकांच्या जुन्या फोनवर ॲप टाकून त्यालाच गेटवे करता येतं, पण अँड्रॉइड पार्श्वभूमीतल्या ॲपला थोड्या वेळाने झोपवतो, आणि फोन चार्जरवर नसेल तर फारच लवकर. तो फोन डॅशबोर्डला कायम चार्जरवर, बॅटरी बचत बंद करून, फक्त याच कामासाठी ठेवायची तयारी असेल तर करा. अर्धवट करायचं असेल तर व्हॅनची मुलं फाटकावर 'व्हॅनकडे सोपवली' अशी सहीने नोंदवा. ते जास्त खात्रीचं.

---

कलमवार · बुधवार, सकाळी ७.३०

तांत्रिक चर्चा छान चालली आहे. त्यात माहितीचा मुद्दा घालतो, तो नंतर आठवून उपयोग नाही.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३. त्यात १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती मूल, कलम ९ नुसार तिची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, आणि मुलांचा माग काढणं किंवा त्यांच्या वागण्यावर पाळत ठेवणं याला मनाई आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम अधिसूचित झाले. त्यांच्या चौथ्या अनुसूचीत शाळांना शैक्षणिक कामासाठी आणि मुलांच्या सुरक्षेसाठी, तसंच शाळेच्या वाहतुकीत प्रवासादरम्यान जागा कळण्यासाठी सूट दिली आहे. ही मुख्य बंधनं अधिसूचनेनंतर १८ महिन्यांनी लागू होतात, म्हणजे आज घेतलेली व्यवस्था त्यात येणारच. मुलांबाबतच्या तरतुदी मोडल्यास दंड २०० कोटी रुपयांपर्यंत आहे.

सूट सुरक्षेपुरती आहे. तोच डेटा वापरून 'कोणतं मूल मधल्या सुटीत किती वेळ एकटं बसतं' असा अहवाल काढणं त्या सवलतीत बसवणं कठीण. ठोके आणि तापमान गोळा करणं तर आणखी अवघड, कारण सुरक्षेशी त्याचा संबंधच दाखवता येत नाही. करारात लिहून घ्या: हालचालींच्या नोंदी ३० दिवसांनी पुसायच्या, विक्रेत्याने डेटा इतर कशालाही वापरायचा नाही, मुलाने शाळा सोडली की त्याची नोंद काढायची, आणि सर्व्हर कुठे आहे. संमती न देणाऱ्या पालकांच्या मुलांसाठी फाटकावर वहीची सोय ठेवा.

घड्याळात 'गुपचूप ऐका' ही सोय असेल तर ती पहिल्या फटक्यात नाकारा. पालक लांबून मायक्रोफोन चालू करतात आणि बाईंचा अख्खा वर्ग, इतर मुलांसह, ऐकू जातो. जर्मनीने नोव्हेंबर २०१७ मध्ये नेमक्या याच कारणावरून अशा घड्याळांवर बंदी घातली.

आणि ऑगस्ट २०२४ च्या बदलापूरच्या घटनेनंतर पालक हे सगळं का मागताहेत ते उघड आहे. पण फाटकावर मोजणी करणारी व्यवस्था शाळेच्या आतल्या माणसाकडून असलेल्या धोक्याला उत्तर देत नाही. त्या घटनेनंतरच्या शासन निर्णयातले सीसीटीव्ही आणि कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी हे विषय वेगळे आहेत आणि ते या खर्चातून वजा करू नका.

---

रिकामा_लूप · बुधवार, सकाळी ९.०५

कलमवार यांच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून. टॅग मुलांनाच का? तेच टॅग मोठ्यांना द्या: शिपाई, सफाईवाले, ड्रायव्हर, पाहुणे, कंत्राटी कामगार. मुलांच्या स्वच्छतागृहाच्या कॉरिडॉरमध्ये एक गेटवे आहेच. तिथे परवानगी नसलेला मोठ्यांचा टॅग ३० सेकंदांपेक्षा जास्त थांबला तर पर्यवेक्षिकेला सूचना. टॅग काढून ठेवून कोणी गेलं तर ॲक्सेलरोमीटर सांगेल की टॅग स्थिर आहे. ज्याला लपायचंय तो टॅग लपवेलच, म्हणून कॅमेऱ्याला हा पर्याय नाही. पण ६२० ऐवजी ७०-८० टॅगांत होणारं काम आहे, आणि मोठ्यांची संमती घेणंही सोपं.

सुरक्षेचं अजून एक. टॅगच्या नावात मुलाचं नाव किंवा हजेरी क्रमांक टाकलेले सर्रास दिसतात. रस्त्यावरचा कोणीही फुकटच्या ब्लूटूथ ॲपमध्ये ते वाचू शकतो. नुसता न बदलणारा नंबर असेल तरी तोच नंबर रोज चारला कुठल्या सोसायटीत जातो हे कळतं. म्हणून दर काही मिनिटांनी बदलणारा, शाळेच्या सर्व्हरलाच उलगडणारा नंबर देणारा टॅग हवा. विक्रेत्याला 'आयडी फिरता आहे का' एवढंच विचारा. 'ॲपला पासवर्ड आहे' असं उत्तर आलं तर त्याला प्रश्नच कळला नाही. सिमवाल्या घड्याळांत तर एसएमएसने हुकूम देता येतात आणि मूळ पासवर्ड १२३४५६ असतो, बहुतेक जण तो बदलतच नाहीत.

---

घोडबंदरची_आई · बुधवार, दुपारी ३.४०

इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. माझ्या वहीत आतापर्यंत: बँड नाही, आधी नऊ बस, मग दोन फाटकं, वर्ग सर्वात शेवटी, कर्मचाऱ्यांना टॅग, भोंग्यासमोरच्या माणसाचं नाव. डब्ल्यूपीसीची (रेडिओ उपकरणांना परवानगी देणारा केंद्राचा विभाग) मान्यता वगैरे पाहावी लागते का? आणि उद्या डेमोला त्याला नेमकं काय करायला सांगू?

---

महापेचा_वायरमन · बुधवार, दुपारी ४.२०

हो. रेडिओ असलेल्या प्रत्येक मॉडेलचं डब्ल्यूपीसीचं ईटीए, म्हणजे उपकरण मान्यतेचं, प्रमाणपत्र मागा, मॉडेल नंबर पेटीवरच्या नंबराशी जुळतोय ना ते पाहा. रिचार्जेबल बॅटरी असेल तर बीआयएसचा नोंदणी क्रमांक. 'चिपला मान्यता आहे' म्हणजे टॅगला आहे असं नाही.

डेमोसाठी: पाच टॅग आणू देऊ नका, किमान पन्नास आणायला सांगा आणि ते सगळे एका पिशवीत घालून फाटकातून न्या. पडद्यावर पन्नासच्या पन्नास यायला किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून मोजा. पंधराच्या आत हवेत. मग एक गेटवे वायरसकट उपटा आणि कोणाच्या फोनवर काय येतं ते बघा. तिसरं, एका मुलाला, म्हणजे एखाद्या शिक्षकाला, टॅग कमरेला लावून फाटकाच्या आतल्या बाजूला कुंपणाला पाठ टेकून पाच मिनिटं उभं करा. 'बाहेर गेले' असं दाखवलं तर त्यांची दिशा ओळख कच्ची.

---

रिकामा_लूप · बुधवार, दुपारी ४.३५

चौथं माझ्याकडून. टॅग स्टीलच्या जेवणाच्या डब्यात ठेवून झाकण घट्ट लावा आणि डबा वर्गातल्या बाकावर ठेवा. अर्ध्या मिनिटाने पडदा पाहा. 'ऐकू येत नाही' लिहून आलं तर बोलणी पुढे चालू ठेवा. 'शाळेबाहेर गेला' आलं तर चहा पाजून निरोप द्या.